ब्लोअर चारवर, झोत एकचा : गाडीच्या एसीच्या कामाच्या नोंदी

शनिवार, ५ एप्रिल २०२५

तक्रार आधी लिहून ठेवते. तोंडी सांगताना ती दर वेळी थोडी बदलते आणि समोरचा त्याला हवं तेवढंच ऐकतो.

गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, आम्ही २०१९ मध्ये सेकंडहॅंड घेतलेली. ९१ हजार किलोमीटर झालेत. ब्लोअर चारवर ठेवला तरी समोरच्या जाळ्यांतून झोत एकवर असल्यासारखा. हवा गार असते, पण पोचत नाही. जाळीपासून हात वीतभर मागे घेतला की काही लागतच नाही. मोटरचा आवाज मात्र भरपूर. गेल्या उन्हाळ्यापेक्षा थोडा चढाच वाटतो.

मंगळवारी बाबांना वाघबीळहून नौपाड्यात छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. माजिवड्यापर्यंतच पाऊण तास गेला. काचा बंद ठेवल्या तर घामाघूम, उघडल्या तर मेट्रोच्या कामाची आणि सर्व्हिस रोडच्या खोदाईची धूळ आत. बाबांना दमा आहे. त्यांनी सगळी वाट नाकाला रुमाल धरून काढली आणि एका शब्दाने कुरकुर केली नाही. ते बोलले असते तर मला एवढं लागलं नसतं. हे काम आता पुढे ढकलायचं नाही.

दोन गॅरेजना विचारून झालंय. पहिला म्हणाला, गॅस कमी झालाय, भरून टाकू. दुसरा म्हणाला, कूलिंग कॉइल चोक आहे, डॅशबोर्ड उतरवावा लागेल, साडेआठ हजार आणि दोन दिवस गाडी ठेवा. दोघांपैकी कोणी ग्लव्ह बॉक्ससुद्धा उघडून पाहिला नाही.

गॅसचं मला पटत नाही. गॅस हवा गार करतो, ढकलत नाही. ढकलायचं काम ब्लोअरचं. गॅस कमी असेल तर झोत पूर्ण येईल आणि कोमट येईल. आमचं नेमकं उलट आहे. शिवाय तो बंद नळ्यांतून फिरतो, पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता नुसता भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

रविवार, ६ एप्रिल

रामनवमी. दुपारी जेवणं झाल्यावर गाडी उघड्या पार्किंगला काढली. इंजिन चालू ठेवून काम करायचं असेल तर तळघरात करू नये, धूर साचतो.

मोजल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही, हा कंपनीतला नियम घरीही पाळायचं ठरवलं. वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही. कचऱ्याची सगळ्यांत मोठी काळी पिशवी घेतली. पूर्ण चपटी करायची, तिचं तोंड मधल्या डाव्या जाळीवर दोन्ही हातांनी घट्ट धरायचं, ब्लोअर चारवर टाकायचा आणि पिशवी ताठ फुगेपर्यंतचे सेकंद मोजायचे. बाबांनी मोबाईलवर व्हिडिओ घेतला, सेकंद मी त्यावरून काढले. डोळ्यांनी पाहत घड्याळ दाबण्यात अर्ध्या सेकंदाची चूक सहज होते. पिशवीत किती लिटर मावतात याच्याशी मला घेणं नाही. पहिल्या आणि शेवटच्या मापाला पिशवी तीच, जाळी तीच आणि बाकीच्या जाळ्या उघड्या, एवढं पुरे.

एसी बंद, काचा बोटभर खाली. तीन मापं : १३.२, १२.८, १३.४. सरासरी १३.१ सेकंद.

नुसत्या १३.१ वरून काही कळत नाही, म्हणून बी विंगमधल्या ताईंना विनंती केली. त्यांची गाडी त्याच मॉडेलची, पण बरीच नवी. तिथे तीच पिशवी ४.५ सेकंदांत फुगली. बाबा व्हिडिओ बघत म्हणाले, “अगं, ही तर फटकन भरली!” म्हणजे आमच्या गाडीत हवेचा जेमतेम तिसरा हिस्सा येतोय. इतके दिवस मला वाटत होतं निम्मा तरी येत असेल.

गुरुवार, १० एप्रिल

रबाळ्याहून परत येताना विटाव्याच्या पुलाखाली अडकले. एसी पाऊण तास चालू होता. उरलासुरला झोतही मरत मरत अगदीच गेला. एसीचं बटण बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवला, तर दहाएक मिनिटांत झोत पहिल्याइतका झाला.

हे बर्फाचं लक्षण. हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइलवर बर्फ धरला की हवेची वाट बुजते आणि एसी बंद केल्यावर वितळून पुन्हा मोकळी होते. पण आमचा झोत सकाळी थंड गाडीत, एसी न लावताही कमजोरच असतो. तेव्हा बर्फ मूळ कारण नाही. कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही, म्हणून ती शून्याखाली उतरते आणि तिच्यावरची ओल गोठते. गॅस कमी असतानाही बर्फ धरू शकतो, त्यामुळे हा मुद्दा खोडून टाकत नाही. बाजूला ठेवते.

शनिवार, १२ एप्रिल

आज काही उघडलं नाही, फक्त नॉब फिरवले. इतक्या दिवसांत सगळ्यांत जास्त कळलं ते आजच.

हवेची वाट अशी : वायपरखालच्या जाळीतून बाहेरची हवा, किंवा ग्लव्ह बॉक्समागच्या तोंडातून गाडीतलीच हवा. यांतलं काय घ्यायचं ते एक झडप ठरवते. पुढे ब्लोअर, मग फिल्टर, मग कूलिंग कॉइल, मग हीटरची कॉइल, आणि शेवटी तोंडावर, पायांवर की काचेवर हे ठरवणाऱ्या झडपा. वाटेत कुठे अडलंय ते एका टोकाकडून शोधत बसण्यापेक्षा वाट मधोमध तोडून बघावी.

बाहेरच्या हवेवर १३.३, आतल्या हवेवर १२.९. जवळपास सारखंच. बाहेरच्या तोंडाशी पाला अडकला असता तर आतल्या हवेवर लगेच सुधारणा दिसली असती. म्हणजे दोष हवा आत घेणाऱ्या तोंडांत नाही. मग पायांवर आणि काचेवर वळवून पाहिलं. तिथे पिशवी धरता येत नाही, हातानेच अंदाज घेतला. सगळीकडे सारखीच मरगळ. एखादी झडप अर्धवट अडकली असती तर एका वाटेला कमी आणि दुसऱ्या वाटेला जास्त आली असती. तेव्हा शेवटच्या झडपाही सुटल्या. हीटरच्या कॉइलसाठी तापमानाचा नॉब पूर्ण गारकडे ठेवला होता. त्या स्थितीत हवा तिला वळसा घालून जाते.

उरलं मधलं : ब्लोअर, त्याची वीज, फिल्टर, कूलिंग कॉइल.

वायपरखालची जाळी तरीही साफ केली. आमची जागा पर्जन्यवृक्षाखाली आहे, त्याची बारीक पिवळी पानं ओंजळभर निघाली. पुन्हा मोजलं, १३.१. अपेक्षेप्रमाणे काही फरक नाही.

सोमवार, १४ एप्रिल

आंबेडकर जयंतीची सुट्टी. कंपनीतल्या मेंटेनन्सच्या सहकाऱ्याकडून डीसी क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरभोवती चिमटा लावून बॅटरीच्या विजेचा करंट मोजणारं मीटर, दोन आठवड्यांसाठी मागून आणलाय. साधा क्लॅम्प फक्त घरातल्या विजेसारखा एसी (उलटसुलट वाहणारा) करंट मोजतो, गाडीला तो चालत नाही.

ग्लव्ह बॉक्स दोन्ही बाजूंनी दाबून खाली घेतला. मागे ब्लोअर लगेच दिसतो. डॅशबोर्डमागे एअरबॅगची वायरिंग असते. तिचे कनेक्टर पिवळे असतात, त्यांना हात लावायचा नाही.

इंजिन चालू, ब्लोअर चारवर :
बॅटरीवर १४.१ व्होल्ट.
मोटरच्या दोन टोकांवर ११.७.
मोटर घेते ६.८ अँपिअर.

हा करंट बघून मी क्षणभर थांबले. हवा कमी येतेय म्हणजे मोटर दमली असेल, जॅम होत असेल, असं सगळेच म्हणत होते. जॅम होणारी मोटर जास्त करंट ओढते. ही कमी ओढतेय. आमच्या कंपनीत पंप बनतात. सेंट्रिफ्यूगल पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद केला की मोटरचा अँपिअर उतरतो, म्हणूनच असा पंप व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरू करतात. पंखा ढकलेल तेवढ्याच हवेचं काम मोटरला पडतं. पुढची वाट बुजली की काम कमी, करंट कमी, आणि ओझं हलकं झाल्यामुळे फिरणं जास्त. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडावर तळहात ठेवला की त्याचा आवाज चढतो, तसंच. आमच्या ब्लोअरचा आवाज चढा का वाटत होता, तेही कळलं. मोटर धडधाकट आहे. अडलंय तिच्या पुढे.

पण ११.७ व्होल्टही बरोबर नाही. १४.१ मधले २.४ व्होल्ट वाटेत गेले. मीटरचं एक टोक मोटरच्या मायनसला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला लावलं, तर १.९ व्होल्ट. तिथे शून्याच्या आसपास दिसायला हवं. अर्थिंग, म्हणजे वीज गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परतायची वाट, खराब. उरलेले ०.५ स्विच, रिले आणि वायरचे, ते चालतील.

चारही स्पीड चालू आहेत, त्यामुळे खालच्या स्पीडना वीज कमी करणारा रेझिस्टर ठीक. तो जळला की बहुतेक वेळा फक्त सगळ्यांत वरचा स्पीड उरतो, कारण चारवर वीज रेझिस्टरला टाळून थेट मोटरला जाते.

मग बॅटरीचं मायनस काढून ब्लोअर उतरवला. पिंजऱ्यासारखा पंखा, बारीक वळणदार पात्यांचा. प्रत्येक पात्याच्या वळणात धूळ इतकी घट्ट बसलेली की वळण राहिलंच नव्हतं. जुन्या टूथब्रशने एकेक पातं साफ करायला दीड तास लागला. पाती वाकवायची नाहीत, तोल गेला तर पंखा थरथरतो. परत बसवून मोजलं, ११.८ सेकंद.

फिल्टर बसवायची खाच ब्लोअर आणि कॉइलच्या मधे आहे. झाकण काढलं. आत फिल्टर नाही. खाच रिकामी. सहा वर्षं ही गाडी आमच्याकडे आहे आणि आम्ही एकदाही विचारलं नाही की फिल्टर आहे का. एकदम लाज वाटली.

शनिवार, १९ एप्रिल

अर्थिंगचा माग काढला. मोटरची काळी वायर डाव्या सीटच्या पायाशी, दाराजवळच्या प्लास्टिक पॅनेलमागे बॉडीला बोल्टने जोडलेली आहे. ब्लोअर पाच मिनिटं चालवून बोल्टला बोट लावलं तर चांगलाच गरम. हिशेब जुळतो : १.९ व्होल्ट आणि ६.८ अँपिअर म्हणजे सुमारे १३ वॉट त्या एका सांध्यात उष्णता होऊन जातायत.

बोल्ट दहाच्या पान्याने सोडवला. थिंबलखाली, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली, तांबूस गंजाची पापडी. पण इथे गंज कशाने? हा भाग गाडीच्या आत आहे, पावसाचं पाणी इथे येत नाही. कार्पेट उचललं तर खाली कुबट वास.

बाबांची गाडीची वही आहे. पेट्रोल, हवा, पंक्चर, सगळं तारीखवार. त्यांना विचारलं, “बाबा, डाव्या बाजूला कधी पाणी आलं होतं का?” त्यांनी वही आणली आणि पानं मागे नेत नेत बोट ठेवलं. “१४ ऑगस्ट २०२३. डावीकडची मॅट ओली. काच उघडी राहिली असावी.” आणि पुढे, “२ सप्टेंबर. मॅट पुन्हा ओली. काच बंद होती.”

“काच बंद होती” या तीन शब्दांनी माझं मोठं काम केलं. बाबांनी तेव्हा हे मला सांगितलंही असेल, मी ऐकून सोडून दिलं असणार.

कॉइलवर हवेतली वाफ पाणी होऊन ठिबकते आणि खालच्या नळीतून गाडीबाहेर पडते. एसी चालू असताना गाडीखाली ओला डाग पडतो तो हाच. नळी बुजली की पाणी कॉइलच्या डब्यात साठून डाव्या सीटच्या पायाशी सांडतं. फिल्टर नव्हता म्हणून धूळ थेट कॉइलवर, कॉइलवरून चिखल होऊन नळीत, नळी बुजून पाणी कार्पेटखाली, आणि तिथून गंज अर्थच्या बोल्टला. मी तीन वेगळे बिघाड समजत होते, ती एकच साखळी निघाली.

थिंबल आणि बॉडीचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासला, नवा बोल्ट आणि वॉशर घातला, वरून पेट्रोलियम जेली. आता अर्थवर ०.१ व्होल्ट, मोटरवर १३.४, करंट ७.९. पंख्याचा वेग ढोबळ मानाने व्होल्टेजबरोबर वाढतो, हवाही त्याच प्रमाणात. त्या हिशेबाने ११.८ चे १०.३ व्हायला हवे होते. आले १०.४. मन प्रसन्न झालं.

ढिला अर्थ सापडला की काम झालं असं वाटतं. पण ४.५ अजून लांब आहे. करंटही अजून कमीच आहे, म्हणजे वाट अजून बुजलेलीच.

रविवार, २० एप्रिल

मोबाईलला जोडायचा वायरसारखा छोटा कॅमेरा फिल्टरच्या खाचेतून आत घातला. कॉइल दिसायला हवी होती, ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची, मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या फटींची. दिसलं एक करडं घोंगडं. पार वरपासून खालपर्यंत. मधेमधे पांढरे पुंजके, ते सावरीच्या कापसाचे. येऊरच्या बाजूने एप्रिल-मे मध्ये तो उडत येतो, आमच्या गॅलरीतही साठतो. घोडबंदर रोडची सिमेंटची बारीक धूळ त्या कापसात विणल्यासारखी बसलीय.

बाबांना स्क्रीन दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “यातून गाळून आलेली हवा मी घेत होतो?”

मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या गॅरेजवाल्याचं निदान बरोबर होतं, हे इथे नोंदवायलाच हवं. पण डॅशबोर्ड उतरवायची गरज आहे असं मला दिसत नाही. घाण सगळी ब्लोअरच्या बाजूने बसलीय आणि ती बाजू खाचेतून हाताला येते.

शनिवार, २६ एप्रिल

सकाळी सात ते दुपारी दोन.

आधी पाण्याची नळी. इंजिनाच्या मागच्या पत्र्यातून डावीकडे खाली येते, गाडीखाली वाकल्यावर रबराचं टोक दिसतं. तार घालायची नाही, आत कॉइल आहे आणि तिला भोक पडलं तर सगळा गॅस जाईल. जाड नायलॉनची दोरी फिरवत वर सारली. चिखलाची बोटभर गोळी सुटली आणि तिच्यामागे कपभर काळं पाणी.

मग ब्लोअर आणि रेझिस्टर काढून बाहेर ठेवले, ब्लोअरच्या तोंडाला प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावली, कार्पेटवर जुनी चादर.

इथला क्रम फार महत्त्वाचा आहे. पहिल्यांदा कोरडंच काढायचं. पाणी आधी मारलं तर त्या घोंगड्याचा चिखल होऊन पट्ट्यांच्या फटींत खोल जातो आणि मग तो निघत नाही. व्हॅक्यूमच्या नळीला पातळ तोंड लावलं, रंगकामाचा मऊ ब्रश पट्ट्यांच्या दिशेनेच, वरून खाली, हलक्या हाताने. आडवा ब्रश मारला तर पट्ट्या आडव्या पडतात. घोंगडं काही ठिकाणी अख्ख्या चिंधीसारखं सुटून आलं. ते एका ताटलीत जमवलं, मूठभर भरलं.

कोरडं निघायचं थांबलं तेव्हा कुंड्यांचा फवारणी पंप घेतला. ॲल्युमिनियमला चालणारा सौम्य कॉइल क्लीनर पाण्यात मिसळून फवारला. ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा वापरू नये, पट्ट्या खाऊन टाकतो. वीस मिनिटांनी साधं पाणी. आत किती घातलं आणि नळीतून बादलीत किती आलं ते मोजत गेले : ५ लिटर आत, ४.६ बाहेर. पहिलं पाणी डांबरासारखं, शेवटचं जवळजवळ स्वच्छ. बाकीचं कॉइलला चिकटून राहिलं असणार, कारण चादर कोरडी होती.

सगळं बसवून बॅटरी जोडली, काचा उघड्या टाकून तासभर ब्लोअर चालवला. मग पिशवी.

४.७.

दुसऱ्यांदा ४.६, तिसऱ्यांदा ४.७. करंट १२.६ अँपिअर. आता मोटर खरं काम करतेय. आवाजही बदलला, चढा सूर गेला आणि भरदार घोंघावणं आलं.

स्टेशनजवळच्या दुकानातून आणलेला फिल्टर बसवला, हवेच्या दिशेचा बाण बघून. फिल्टरसह ५.१. थोडी हवा फिल्टर घेतो, ती मी आनंदाने देते.

खर्च : फिल्टर ३२०, क्लीनर ४५०, बोल्ट-वॉशर-पॉलिश पेपर ६०. एकूण ८३० रुपये. कॅमेरा घरात होता.

गुरुवार, १ मे

महाराष्ट्र दिन. बाबांना घेऊन वाशीला आत्याकडे. ठाणे-बेलापूर रोडवर ऐन दुपारी, सव्वा तास एसी चालू. झोत शेवटपर्यंत तसाच, बर्फ धरला नाही. म्हणजे गॅसचा संशयही गेला, एक रुपयाचा न भरता. ऐरोलीच्या पुढे बाबांनी हात पुढे करून जाळी स्वतःकडून बाजूला वळवली आणि म्हणाले, “दोनवर ठेव गं, चारवर गार लागतंय.”

मंगळवार, २७ मे

पाऊस कालच मुंबईत पोचला, यंदा फारच लवकर. संध्याकाळी रबाळ्याहून येताना दोन तास एसी, हवा दमट. पार्किंगमध्ये वाकून पाहिलं, नळीतून टपटप पाणी पडतंय. डाव्या बाजूची मॅट आणि तिच्याखालचं कार्पेट कोरडं. बाबांच्या वहीत नोंद त्यांच्याच अक्षरात झाली : “मॅट कोरडी.”

रविवार, २२ जून

पिशवी ५.६. फिल्टर काढला. ब्लोअरच्या बाजूला सावरीचा कापूस, पर्जन्यवृक्षाची पानं आणि करड्या धुळीचा थर. दोन महिन्यांत एवढं. हे सगळं पूर्वी कॉइलवर जात होतं. मागची बाजू पांढरी आहे. खाचेतून टॉर्च मारून पाहिला, कॉइलच्या पट्ट्या मोजता येतील इतक्या स्वच्छ.

फिल्टर झटकून परत घातला नाही, नवाच घातला. ५.१. मेट्रोचं काम चालू आहे तोवर दर दोन महिन्यांनी बदलायचा, पुढचा ऑगस्टमध्ये. बी विंगमधल्या ताईंनी त्यांचाही बघायला सांगितलंय, पुढच्या रविवारी सकाळी.